जुन्या अमेरिकन मालवाघिणींचे किट: ओळख आणि जोडणी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हे माहितीपत्रक एचओ प्रमाणातील, म्हणजे १:८७ या प्रमाणातील, जुन्या अमेरिकन मालवाघिणींच्या छोट्या प्रतिकृती घरी जोडण्याच्या किट्सविषयी आहे. साधारण १९४० ते १९८० या काळात तिकडे निघालेली अशी किट्स आमच्याकडे विक्रीस असतात. शिवाय अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेली किंवा तिकडच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेली किट्स घेऊन अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. सर्वांना आमचे सांगणे एकच असते: किट कोणत्या काळातले आणि कशाचे बनलेले आहे हे ठरल्याशिवाय गोंदाची बाटली उघडू नये. ओळख पटवणे हा केवळ संग्राहकांचा शौक नव्हे. कोणता गोंद लावायचा, रंग आधी द्यायचा की नंतर आणि वजन कोठे बसवायचे, हे सारे त्या ओळखीवरच ठरते.

एका शब्दाचा खुलासा आधीच करतो. अमेरिकन सूचनापत्रकात 'ट्रक' असा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ वाघिणीच्या दोन्ही टोकांखाली फिरणारा चार चाकांचा सांगाडा. आपल्याकडील रेल्वे कर्मचारी त्यालाच 'बोगी' म्हणतात, मात्र आपण घरी बोलताना बोगी म्हणजे अख्खा डबा समजतो. या पत्रकात 'बोगी' हा शब्द रेल्वे कर्मचाऱ्यांच्या अर्थानेच वापरला आहे.

पेटीवरचा पत्ता

पेटी हातात आली की चित्राकडे पाहण्याआधी पत्ता वाचावा. अमेरिकेत १९४३ पासून मोठ्या शहरांच्या नावापुढे एक किंवा दोन अंकी टपाल विभाग लिहीत असत. १ जुलै १९६३ पासून पाच अंकी झिप क्रमांक सुरू झाला आणि राज्यांची दोन अक्षरी रूपेही त्याच वर्षी ठरली. त्यामुळे 'लॉस एंजेलिस ४५, कॅलिफ.' अशा धर्तीचा पत्ता असेल, तर ती पेटी बहुधा १९६३ पूर्वी छापलेली असते, आणि पाच अंकी क्रमांक असेल तर ती निश्चितच त्यानंतरची. गावाचे नावही बोलके असते. वार्नी कंपनीचा शिकागोचा पत्ता आधीचा, मायामीचा नंतरचा. 'राउंडहाउस' नावाने किट्स काढणारी मॉडेल डाय कास्टिंग ही कंपनी आधी कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथे होती, पुढे ती नेवाडातील कार्सन सिटी येथे गेली. अथर्न कंपनीची प्लॅस्टिकची किट्स मात्र इतकी दीर्घकाळ निळ्या पेटीतून विकली गेली, की 'ब्लू बॉक्स' हेच त्यांचे नाव पडले. केवळ निळा रंग पाहून त्यांचा काळ सांगता येत नाही.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली म्हणजे पेटी आणि आतला माल एकच असेल असे गृहीत धरू नये, कारण पन्नास-साठ वर्षांत अनेक हातांतून गेलेल्या पेटीत दुसऱ्याच किटचे भाग निघणे हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. दुसरी सूचना वाघिणीच्या अंगावरील अक्षरांविषयी. तेथे 'बीएलटी ३-३७' असे छापलेले असले, तर ती खरी वाघीण मार्च १९३७ मध्ये बांधली गेली एवढाच त्याचा अर्थ. किटच्या वयाशी त्या तारखेचा काहीही संबंध नाही. ही तारीख वाचून १९७० च्या सुमाराचे प्लॅस्टिकचे किट युद्धापूर्वीचे समजून मोठी किंमत मोजलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांना खरे काय ते सांगताना आम्हालाही वाईट वाटते.

पट्टी आणि हाताचा स्पर्श

प्रमाण ठरवण्यासाठी साधी पट्टी पुरते. चाळीस फुटी बॉक्सकार, म्हणजे बंद मालवाघीण, एचओ प्रमाणात सुमारे १४ सेंटिमीटर भरते. तीच वाघीण एस प्रमाणात १९, ओ प्रमाणात साडेपंचवीस आणि एन प्रमाणात साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असते. जुन्या पेट्यांवर कधीकधी प्रमाण लिहिलेलेच नसते, तेव्हा ही मोजणी उपयोगी पडते.

त्यानंतर आतला माल पाहावा. कोरलेल्या उभ्या रेघांची लाकडी पातळ फळी, छताच्या उताराची तासलेली लाकडी पट्टी आणि धातूच्या बारीक ओतीव भागांची पुडी असेल, तर ते सिल्व्हर स्ट्रीक, अँब्रॉइड किंवा लाबेल यांच्या परंपरेतले लाकडी किट होय. अँब्रॉइडच्या 'पाच हजारांपैकी एक' या मर्यादित मालिकेतील किट्स आजही संग्राहक आवडीने शोधतात. बाजू छापील पत्र्याच्या असतील तर ते अथर्न किंवा वार्नी यांचे जुने धातूचे किट असण्याचा संभव असतो. संपूर्ण प्लॅस्टिकचा, रंगवून व अक्षरे छापून आलेला डबा, पोलादी पट्टीचे वजन आणि दोन प्लॅस्टिकच्या बोग्या एवढेच निघाले, तर ते १९५० च्या दशकानंतरचे. पिवळसर राळेचे, कडांना पापुद्रे असलेले भाग निघाले तर ते वेस्टरफील्डसारख्या छोट्या उत्पादकाचे रेझिन किट समजावे; ते या पत्रकाच्या काळाच्या कडेचे आहे आणि त्याची जोडणी वेगळी असते.

वाघीण आपल्या मांडणीच्या, म्हणजे घरी उभारलेल्या छोट्या रेल्वेच्या, काळाला शोभते की नाही, हे तिच्या पोटाखाली पाहून कळते. जुन्या 'के' ब्रेकमध्ये हवेची टाकी, सिलिंडर आणि झडप एकमेकांना जोडलेली असतात. १९३३ पासून आलेल्या 'एबी' ब्रेकमध्ये ते तीन भाग वेगवेगळ्या जागी बसवलेले असतात. पट्ट्या वाकवून केलेल्या 'आर्चबार' बोग्या १९४० च्या सुमारास परस्पर वाहतुकीतून, म्हणजे एका रेल्वे कंपनीच्या वाघिणी दुसरीच्या रुळांवर नेण्यातून, बाद झाल्या, त्यामुळे १९५० च्या मालगाडीत त्या शोभत नाहीत. छतावरची चालफळी १९६६ नंतरच्या नव्या बॉक्सकारवर दिसत नाही.

लाकडी किटची जोडणी

लाकडी किटवर आम्ही येथे अधिक लिहीत आहोत, कारण नुकसान सर्वाधिक त्यातच होते. पेटी उघडल्यावर लाकडाच्या जुडीला बांधलेला रबर बँड बहुधा वितळून लाकडाला चिकटलेला असतो. तो ओढू नये. ओढला की बासवुड या लाकडाचे मऊ तंतू त्याच्याबरोबर उचलले जातात आणि बाजूच्या फळीवर कायमचा ओरखडा राहतो. तो ब्लेडने दोन ठिकाणी कापावा, सुटेल तेवढा सोडवावा आणि उरलेला चिकट डाग रंगापूर्वी बारीक सँडपेपरने हलकेच घासून काढावा. सूचनापत्रकाचा कागद घडीवर तुटतो, म्हणून तो उघडताक्षणी त्याचे छायाचित्र घ्यावे.

त्यानंतर सर्व लाकडी भाग पेटीबाहेर काढून दोन-तीन दिवस घरातल्या हवेला ठेवावेत. कोरड्या प्रदेशात अनेक वर्षे पडून राहिलेले लाकूड आपल्या दमट हवेत आले की फुगते, आणि फुगण्यापूर्वी नेमके कापलेले भाग नंतर जुळत नाहीत. मग प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचा, पातळ हात द्यावा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू ४०० नंबरच्या सँडपेपरने बसवावेत आणि पुन्हा एक हात द्यावा. 'दोन्ही बाजूंनी' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. काही पावसाळ्यांपूर्वी आम्ही एका ग्राहकाच्या शीतवाघिणीच्या बाजूंना केवळ बाहेरून सीलर दिला. जुलैमध्ये सरळ असलेली ती बाजू ऑगस्टअखेरीस धनुष्यासारखी बाहेर आली, आणि छत उतरवल्यावाचून ती दुरुस्त करता आली नाही. ते काम आम्ही विनामूल्य पुन्हा करून दिले, आणि तेव्हापासून आतली बाजू सीलरशिवाय कधीही सोडलेली नाही.

जोडताना आधी तळ आणि दोन टोकांचे ठोकळे बसवावेत, ते गुण्या लावून काटकोनात आहेत याची खात्री करावी आणि मगच बाजू चिकटवाव्यात. लाकडाला लाकूड जोडण्यास फेविकॉलसारखा पांढरा गोंद उत्तम, मात्र तो काडीच्या टोकाने जेमतेम लावावा, कारण त्यातील पाण्यानेही पातळ फळी वाकते. धातूचा भाग लाकडाला लावताना दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी गोंद वापरावा. छत चिकटवण्यापूर्वी वजन आत बसले आहे ना, हे एकदा पाहावे.

पकडदांड्यांसाठी सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची पितळी तार आणि हाताने फिरवायचे छोटे ड्रिल लागते. भोकांच्या जागा आधी सुईने टोचून घ्याव्यात, नाहीतर ड्रिलचे टोक कोरलेल्या रेघेत घसरते.

धातू आणि प्लॅस्टिक

जस्ताच्या मिश्रधातूचे जुने ओतीव भाग जोडण्यापूर्वी भिंगाखाली पाहावेत. ओतताना मिश्रणात शिसे अधिक गेले असेल, तर वर्षानुवर्षे आतून झीज होऊन अशा भागांना बारीक भेगा पडतात, ते फुगतात आणि शेवटी बोटांत चुरतात. या रोगावर उपाय नाही; असा भाग बदलावा लागतो. पांढऱ्या धातूच्या मऊ भागांत शिसे असू शकते, म्हणून कानस मारताना खाली कागद पसरावा, नंतर हात साबणाने धुवावेत आणि मुलांना तो चुरा हाताळू देऊ नये.

प्लॅस्टिकच्या किटमध्ये करण्यासारखे थोडे असते. पोलादी वजनावर गंज असल्यास तो घासून वजन रंगवावे. डबा पॉलिस्टायरिनचा असल्याने त्याला पातळ द्रव सिमेंट लावावे; फेविक्विकसारख्या झटपट गोंदाच्या वाफेने रंगावर पांढरी झाक येते. अनेक बोग्यांचे प्लॅस्टिक निसरड्या जातीचे असते, त्यावर कोणताही साधा गोंद धरत नाही.

जुनी डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून वाघिणीवर चिकटवायची छापील अक्षरे, पाण्यात टाकताच तुकडे होऊन तरंगू लागतात. यासाठी कोपऱ्यातले एखादे निरुपयोगी अक्षर कापून आधी पाण्यात टाकून पाहावे. ते फुटले तर डेकल्सच्या संपूर्ण कागदावर डेकलसाठीचा पारदर्शक लेप देऊन, तो पूर्ण वाळू देऊन, प्रत्येक अक्षरसमूह कडेला लागून कापावा.

चाके, कपलर आणि वजन

किट जसे निघाले तसे जपावे असे आमचे मत आहे, पण या तीन गोष्टींत आम्ही बदल सुचवतो. जुन्या चाकांच्या कडा इतक्या खोल असतात की आजच्या कमी उंचीच्या रुळांवर त्या खिळ्यांना घासतात. त्याऐवजी ३३ इंची, म्हणजे मॉडेलवर ९.६ मिलिमीटर व्यासाची, धातूची चाके बसवावीत. पेटीत वाघिणी एकमेकींना जोडण्यासाठी बहुधा 'हॉर्न-हुक' जातीचे आकड्याचे कपलर असतात. त्यांच्या जागी केडी कंपनीचे पाच क्रमांकाचे कपलर बसतात. या कंपनीचे नाव कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. रुळाच्या माथ्यापासून कपलरचा मध्य सुमारे १० मिलिमीटर उंचीवर यावा. तो खाली असेल तर बोगीवर पातळ वॉशर घालावा, वर असेल तर बोगी टेकते ती उंचवटी किंचित घासावी.

वजनासाठी १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा हिशेब सोपा आहे: आरंभी एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. साडेपाच इंची बॉक्सकारचे वजन त्यानुसार १०५ ग्रॅमच्या आसपास यावे. एका बोगीचा स्क्रू इतपत आवळावा की ती केवळ डावी-उजवीकडे फिरेल. दुसरीचा थोडा सैल ठेवावा, म्हणजे ती डुलेल आणि रूळ उंचसखल असला तरी आठही चाके टेकतील.

ओळख पटवण्यासाठी किट पाठवण्याची आवश्यकता नाही. पेटीच्या सहाही बाजूंची, सूचनापत्रकाची, आणि सर्व भाग पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी मांडून काढलेली छायाचित्रे पाठवावीत. पुड्या फोडू नयेत. सीलबंद पुडीतील भाग आम्हाला बाहेरूनही ओळखता येतात. काही भाग कमी असल्यास तसे कळवावे, कारण मोडक्या किट्समधून जपून ठेवलेली टोके, शिड्या आणि ब्रेकची चाके आमच्याकडे पुष्कळ आहेत.