सीएमएल आणि इमॅटिनिबची गोळी

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा सावकाश वाढणारा प्रकार, आणि इमॅटिनिब ही त्यावरची रोज घ्यायची गोळी, जिच्यासाठी अमेरिकेतल्या ओरेगॉनचे डॉ. ब्रायन ड्रकर वर्षानुवर्षं झटले. ब्लड कॅन्सर म्हटलं की गावात रडारड सुरू होते, माणूस गेलाच असं धरून चालतात, पण सगळे ब्लड कॅन्सर सारखे नसतात आणि या एकाच्या बाबतीत तर चित्र पार पालटलंय.

थकवा, वजन उतरणं, रात्री घाम, आणि पानथरी वाढल्यामुळे डाव्या बरगडीखाली जडपणा, दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटणं ही लक्षणं. आपल्या विदर्भात ती लवकर लक्षात येत नाहीत कारण कापूस वेचणीच्या दिवसांत थकवा कोणाला नसतो, पूर्वेकडे तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इतका आहे की अशक्तपणा त्याच्याच नावावर जातो, आणि पोटात गोळा लागला की आधी बिब्ब्याचा चटका देऊन बघणारेही आहेत, त्यात महिने निघून जातात. खरंतर साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, केली तरी संशय येतो, पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजारांच्या आसपास असायला हव्यात त्या बरेचदा लाखाच्या वर गेलेल्या दिसतात. आपल्या देशात पेशंट बरेचदा तिशी-चाळिशीतले असतात, म्हणजे घरातला कर्ता माणूसच.

हा आजार लागट नाही, आईबापाकडून येत नाही. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या पेशंटच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं, १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्या जोडातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रोटीन तयार होतं जे बंदच होत नाही. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर चिकटला की मोटर चालूच राहते ना, तसं, पेशी वाढतच राहतात. इमॅटिनिब त्या प्रोटीनच्या ज्या खाचेत एटीपी, म्हणजे त्याला ऊर्जा पुरवणारं रसायन, बसतं तिथे जाऊन बसते, मग पुढचा करंटच जात नाही. आधीची हायड्रॉक्सीयुरिया, जी आपल्याकडे सिकलसेलवाल्या घरांत ओळखीची आहे, ती पेशींचा आकडा खाली आणायची पण मुळावर घाव घालत नव्हती.

निकोलस लायडन या शास्त्रज्ञाच्या टीमने औषध कंपनीत जी रसायनं बनवली त्यातलं हे एक ड्रकर यांनी तपासून १९९६ मध्ये दाखवलं की ते सीएमएलच्या पेशी मारतं. पेशंट कमी म्हणून कंपनी कचरत होती, ड्रकर पाठ सोडेनात. जून १९९८ मध्ये चाचणी सुरू झाली, आणि ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मलला आलं. मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी. पुढे मोठ्या चाचणीत १० वर्षांनी सुमारे ८३ टक्के पेशंट जिवंत होते, हे मला आजही वाचताना भरून येतं.

किमतीचं म्हणाल तर मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहाएक हजारांच्या आत मिळायची. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने मूळ ब्रँडवाल्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला म्हणून ती स्वस्त गोळी टिकली.

नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर. मळमळ, डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे येतात, ते डॉक्टरांना सांगायचं, गोळी मनाने सोडायची नाही. मूल हवं असेल तर बाईने आधीच डॉक्टरांशी बोलायला पाहिजे, गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

आमचे मामा सहा महिन्यांत ठणठणीत झाले आणि वेचणीच्या धांदलीत म्हणाले, "आता बरं वाटून रायलं, त गोयी कायले खाऊ?" मामी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज टिक करायची, तिथे जवळजवळ दोन महिने कोरे राहिले, आणि पुढच्या तपासणीत बीसीआर-एबीएलचा आकडा वर गेलेला. नशीब, गोळी परत सुरू केल्यावर तो उतरला. आता रात्री भाकर वाढतानाच मामी ताटाशेजारी गोळी ठेवते आणि मामांनी तांब्याभर पाणी पिऊन ती गिळेपर्यंत उठत नाही.