आठवीचे बीजगणित कुणासाठी?

सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये ठरवले, की आठवीत बीजगणित यापुढे कुणालाच शिकवायचे नाही. तोवर गणितात पुढे असलेली मुले आठवीतच ‘अल्जिब्रा वन’ घेत. नव्या धोरणात सगळ्यांनी तो विषय नववीत, एकत्र बसून शिकायचा होता. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या मतदारांना याबद्दल सल्लादर्शक कौल विचारला गेला, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी आठवीचे बीजगणित परत आणा असे सांगितले. शाळा मंडळाने त्याच्या आदल्याच महिन्यात ते परत आणायचे ठरवले होते.

आठवीतल्या एका विषयावरून एवढा वाद का? आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात सोबत चालतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एक वर्ष अल्जिब्रा वन, पुढचे वर्ष भूमिती, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस असा क्रम असतो. बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठायचे तर सुरुवात आठवीतच करावी लागते. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्राकडे जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या अर्जात कॅल्क्युलसला वजन असते. म्हणजे तेराव्या वर्षी कोणत्या वर्गात बसलो, यावर अठराव्या वर्षीचे बरेच काही अवलंबून राहते.

आठवीच्या त्या वर्गात गोरी आणि आशियाई वंशाची मुले भरपूर असत, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाची, मुले फार थोडी. हे चित्र देशभर दिसते. जीनी ओक्स या संशोधिकेने १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते, की मुलांच्या तुकड्या पाडल्या की खालच्या तुकडीच्या वाट्याला नीरस घोकंपट्टी आणि कमी अपेक्षा येतात. तेव्हा ज्यांनी वरचा वर्ग बंद केला त्यांना हुशार मुलांचे वावडे होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. दिसत होती ती विषमता खरी होती. प्रश्न एवढाच, की वर्ग बंद केल्याने ती कमी झाली का?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी धोरणाआधीच्या आणि नंतरच्या मुलांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये उत्तर दिले. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या महाविद्यालयीन पातळीच्या गणित विषयांना बसणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला १५ टक्क्यांनी घटले. ही घट मुख्यतः कॅल्क्युलसमधली आणि आशियाई वंशाच्या मुलांमधली होती. पुढे मुलांनी एका वर्षात दोन विषय घेणे, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक विषय उरकणे असे मार्ग धरले आणि घट बरीच भरून निघाली. वंशगटांमधली मोठी दरी मात्र राहिली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते हे मार्ग. शाळेतला फुकटचा, दिवसाढवळ्या चालणारा वर्ग गेला की पुढे जायची वाट बंद होत नाही, ती फक्त माहितगारांपुरती उरते. कोणत्या वर्षी कोणते दोन विषय जोडायचे, खासगी ऑनलाइन कोर्सचे पैसे कुठे भरायचे, हे ज्या आईबापांना कळते त्यांचे मूल कॅल्क्युलसपर्यंत पोहोचते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईच्या मुलीला तो शाळेतला वर्ग हीच एक संधी होती.

मग उलटे करावे, सगळ्यांनाच आठवीत बीजगणित द्यावे? तेही करून झाले आहे. उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट भागातल्या शाळांनी तयारी कच्ची असलेल्या मुलांनाही आठवीत बीजगणिताला बसवले. क्लॉटफेल्टर, लॅड आणि व्हिग्डर या अर्थशास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या, तेव्हा अशा मुलांचे नुकसान झालेले दिसले. बीजगणितात ती मागे पडलीच, पुढची भूमितीही अवघड गेली. अपूर्णांक पक्के नसताना समीकरणे समोर ठेवली तर दुसरे काय होणार?

तरीही न्यूयॉर्कजवळच्या रॉकव्हिल सेंटर या गावाने हेच करून दाखवले. १९९० च्या दशकात तिथल्या शाळांनी वरची नव्हे, खालची तुकडी बंद केली. वेगवान गणित सर्वांना दिले आणि ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी दिवसाआड जादा तास ठेवले. कॅरल बरिस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सर्व स्तरांतल्या मुलांनी पुढचे गणित विषय अधिक प्रमाणात घेतले, आणि वरच्या मुलांचे गुण घसरले नाहीत. गाव लहान आणि सुखवस्तू आहे, हे विसरता येत नाही. पण ‘तुकड्या मोडल्या’ या एकाच शब्दप्रयोगाखाली सॅन फ्रान्सिस्को आणि रॉकव्हिल सेंटरला एकत्र बसवणे मला पटत नाही. एकीकडे छत खाली आणले, दुसरीकडे जमीन वर उचलली.

या सगळ्यात मला सर्वात भक्कम वाटतो तो फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचा पुरावा. पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकारी लॉरा जुलियानो यांनी तो गोळा केला. तिथे नियम असा होता, की चौथीत एक जरी मूल ‘गिफ्टेड’, म्हणजे असामान्य बुद्धीचे, ठरलेले असेल तरी शाळेने वेगळा वर्ग उघडायचा आणि उरलेल्या जागा आदल्या वर्षीच्या गुणांनुसार भरायच्या. संशोधनासाठी हा नियम मोलाचा आहे. शेवटची जागा मिळालेले मूल आणि एका-दोन गुणांनी ती हुकलेले मूल यांच्या कुवतीत जवळपास फरक नसतो. फरक असतो फक्त वर्गाचा. त्यामुळे काठावरच्या या दोन गटांची तुलना केली, की वर्गाचा परिणाम वेगळा काढून मोजता येतो.

मोजल्यावर दिसले ते असे: कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (म्हणजे बहुतांशी लॅटिनोच) मुलांचे गणित आणि वाचनातले गुण सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाने वाढले. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत ते सांगणारे माप. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ क्वचित मिळते. गोऱ्या मुलांना लक्षणीय फायदा झाला नाही. नेहमीच्या वर्गात राहिलेल्यांचे नुकसानही आढळले नाही. वरच्या वर्गाचा सर्वाधिक लाभ ज्यांना होतो, तीच मुले त्यात सर्वात कमी दिसतात.

ती तिथवर पोहोचत का नाहीत, याचेही उत्तर याच काउंटीत मिळाले. २००५ पर्यंत बुद्धिमत्ता चाचणीसाठी मुलाचे नाव पालक किंवा शिक्षक सुचवत. मग काउंटीने दुसरीतल्या प्रत्येक मुलाची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात केली. निकष सैल केले नाहीत. तरीही ‘गिफ्टेड’ ठरणाऱ्यांचे प्रमाण हिस्पॅनिक मुलांत २ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणि कृष्णवर्णीय मुलांत १ वरून ३ टक्क्यांवर गेले. ही मुले आधीही त्याच बाकांवर बसत होती, त्यांचे नाव कुणी सुचवले नव्हते. आर्थिक मंदीनंतर २०१० मध्ये ही चाचणी थांबवली आणि जुनी तफावत परतली.

टेक्सासने २०२३ मध्ये हाच धागा कायद्यात आणला. पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेले मूल सहावीत आपोआप प्रगत गणितात जाते. नको असेल तर पालकांनी तसे कळवायचे. माझ्या मते आजच्या घडीला शाळांनी उचलण्याजोगा हा सर्वात स्वस्त आणि न्याय्य उपाय आहे.

पण पाचवीत वरच्या ४० टक्क्यांत यायलाही आधी कुणीतरी हात धरावा लागतो, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियाकडे पाहायची गरज नाही. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून वस्तीतल्याच एका तरुणीकडून, म्हणजे बालसखीकडून, शिकवले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची चाचणी घेतली. ज्या शाळांत बालसखी होती तिथले गुण दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले, आणि सर्वाधिक वाढ तळातल्या मुलांची होती. मुले वेगळी बसवली गेली ती त्यांना जे येत नव्हते ते शिकवण्यासाठी. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा मोजले, तेव्हा हा लाभ ०.१० वर आला होता.