ट्रीटॉप्स : राणीचं मचाण आणि त्यामागचं जंगल

केनियातल्या ॲबरडेअर राष्ट्रीय उद्यानातलं ट्रीटॉप्स हे हॉटेल जगाला ठाऊक आहे ते एका रात्रीमुळे. ५ फेब्रुवारी १९५२ रोजी राजकन्या एलिझाबेथ इथे मुक्कामाला आली. त्याच रात्री इंग्लंडमध्ये तिचे वडील, राजे सहावे जॉर्ज वारले आणि ती राणी झाली. तिला मात्र ही बातमी दुसऱ्या दिवशी, सागाना लॉजवर परतल्यानंतर समजली.

मुळात ट्रीटॉप्स म्हणजे साधं मचाण. न्येरीत आउटस्पॅन हॉटेल चालवणाऱ्या एरिक शेरब्रुक वॉकर यांनी १९३२ मध्ये अंजीर कुळातल्या एका प्रचंड झाडावर दोन खोल्या बांधल्या. खाली पाणवठा, काठाला मीठ. मिठाच्या ओढीने हत्ती, गेंडे, रानम्हशी यायच्या आणि पाहुणे रात्रभर वरून बघत बसायचे. मचाणाकडे चालत जावं लागे. वाटेत जनावर आडवं आलंच तर चढून बसता यावं म्हणून कडेच्या झाडांना शिड्या ठोकलेल्या होत्या.

आपल्या वाचकांना ओळखीचा एक माणूसही त्या रात्री तिथे होता: जिम कॉर्बेट. १९४७ मध्ये कुमाऊँ सोडून ते बहीण मॅगीसह केनियात आले होते. राजकन्येच्या मुक्कामात हा म्हातारा शिकारी बंदूक घेऊन शिडीच्या तोंडाशी पहाऱ्याला बसला होता. १९५५ मध्ये ते न्येरीतच वारले.

माहितीपत्रकं इथवरच थांबतात. पण १९५२ मध्येच, ऑक्टोबरमध्ये, केनियात आणीबाणी पुकारली गेली. आसपासची सुपीक जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावली होती. त्याविरुद्ध उठलेल्या माऊ माऊ बंडखोरांनी, म्हणजे मुख्यतः किकुयू जमातीच्या लोकांनी, ॲबरडेअरच्याच रानाचा आसरा घेतला. २७ मे १९५४ रोजी त्यांनी ट्रीटॉप्स जाळलं. बहुतेक ठिकाणी याचा उल्लेख एखाद्या अपघातासारखा येतो, तो मला पटत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्या डोळ्यांसमोर राजघराण्याच्या मुक्कामाने गाजलेलं ते मचाण उभं होतं. ते जाळण्यामागचा राग उघड आहे.

१९५७ मध्ये पाणवठ्याच्या समोरच्या बाजूला नवं, बरंच मोठं ट्रीटॉप्स उभं राहिलं. तेही लाकडीच, पण झाडावर नव्हे, खांबांवर. एलिझाबेथ १९८३ मध्ये पुन्हा आली ती या इमारतीत. तिथे ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ नावाची खोलीही होती, पण १९५२ ची ती रात्र तिने काढली होती जळून गेलेल्या मचाणावर.