प्लॅटिनमचा पृष्ठभाग

पेट्रोल गाडीच्या इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरपर्यंत पोहोचण्याआधी एका पोलादी डब्यातून जातो. हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो कापून पाहिला तर आत मौल्यवान धातूची चकाकी कुठेच दिसत नाही. दिसते ती सिरॅमिकची एक हलकी, मळकट रंगाची वीट. तिच्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हजारो बारीक चौकोनी भोके आरपार गेलेली असतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशी साठेक भोके मावतात आणि त्यांच्यामधल्या भिंती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या पातळ असतात. या भिंतींवर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, खरखरीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा म्हणजे एक नॅनोमीटर) आकाराचे कण विखुरलेले असतात. संपूर्ण विटेत या तिन्ही धातूंचे एकत्रित वजन अवघे काही ग्रॅम भरते, पण गाडीच्या आयुष्यभराचा धूर तेवढ्यावर स्वच्छ होत राहतो.

एवढ्याशा धातूत हे काम भागते, कारण काम फक्त पृष्ठभागावरचे अणू करतात. एक सेंटिमीटर बाजूचा प्लॅटिनमचा घन घेतला तर त्याचे वजन सुमारे २१ ग्रॅम भरते, पण त्यातील साधारण सत्तर लाख अणूंमागे एकच अणू पृष्ठभागावर असतो आणि बाकीचे आत कोंडलेले, वायूच्या दृष्टीने निरुपयोगी असतात. हेच प्लॅटिनम तीन नॅनोमीटरच्या कणांत विभागले तर एक तृतीयांशाहून अधिक अणू बाहेरच्या बाजूला येतात. या धातूंवरचे निम्मे संशोधन एका वाक्यात सांगायचे, तर ते आतले अणू बाहेर काढण्याचे संशोधन आहे.

पृष्ठभागावर नेमके काय घडते, हे उलगडायला फार काळ लागला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान डोबरायनर यांनी १८२३ साली सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला, तेव्हा तो वायू हवेत आपोआप पेटला. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ साली, एखादा पदार्थ स्वतः खर्ची न पडता दुसऱ्यांची क्रिया घडवून आणतो अशा क्रियांना ‘कॅटॅलिसिस’, म्हणजे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतले ‘उत्प्रेरण’, हे नाव दिले. तरीही अणूंच्या पातळीवरचे चित्र स्पष्ट झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यासाठी जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांना २००७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ते चित्र असे आहे. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा रेणू आपल्या कार्बनच्या टोकाने प्लॅटिनमला चिकटतो. ऑक्सिजनचा रेणू पृष्ठभागावर उतरताच त्याचे दोन अणू सुटे होतात. हे सुटे होणेच महत्त्वाचे, कारण नुसत्या वायूत ऑक्सिजनमधला बंध तोडायला फार मोठी ऊर्जा लागते. मग शेजारी बसलेला ऑक्सिजनचा अणू आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइड बनतो, तो उडून जातो आणि जागा पुन्हा मोकळी होते. इथे प्लॅटिनमचा गुण असा की ते रेणूला धरते, पण धरून ठेवत नाही. सोन्याच्या सपाट पृष्ठभागाची पकड इतकी सैल असते की ऑक्सिजन तुटतच नाही, तर टंगस्टनची पकड इतकी घट्ट असते की एकदा बसलेला ऑक्सिजन सुटत नाही. ऱ्होडियमचे काम वेगळे आहे. ते धुरातल्याच नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्या घातक वायूचा रेणू तोडण्यात तरबेज असल्यामुळे, सुट्या झालेल्या नायट्रोजनच्या अणूंची जोडी जमून निरुपद्रवी नायट्रोजन वायू बाहेर पडतो.

गाडी थंड असताना मात्र कार्बन मोनॉक्साइड सगळा पृष्ठभाग व्यापून टाकतो आणि ऑक्सिजनला उतरायला जागाच उरत नाही. तापमान अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की हे रेणू सुटू लागतात, जागा रिकाम्या होतात आणि क्रिया एकदम वेग घेते. म्हणूनच सकाळी गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांतला धूर सर्वांत घातक असतो आणि कन्व्हर्टर इंजिनाच्या शक्य तितका जवळ बसवला जातो.

शिसे हा या पृष्ठभागाचा शत्रू. पेट्रोलमधले शिसे कणांवर जाऊन बसले की ती जागा कायमची बाद होते. त्यामुळे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करावे लागले आणि २००० सालापर्यंत देशभरातून शिशाचे पेट्रोल हद्दपार झाले. माझ्या मते कन्व्हर्टरने शहरांवर केलेला हा दुसरा उपकार पहिल्याइतकाच मोठा आहे, कारण शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते.

मोटारींच्या कितीतरी आधी हा धातू खतांच्या कारखान्यात पोहोचला होता. अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनवताना अमोनिया आणि हवेचे मिश्रण सुमारे ९०० अंश सेल्सिअसला प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारेने विणलेल्या जाळीतून जाते. ही जाळी हातात घेतली तर तलम रुपेरी कापडासारखी वाटते. वायूचा तिच्याशी संपर्क सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढाच येतो, तरी बहुतेक अमोनियाचे नायट्रिक ऑक्साइड होते. मुंबईतील ट्रॉम्बेच्या ‘आरसीएफ’मध्ये (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) बनणाऱ्या ‘सुफला’ खतातील नायट्रोजनचा काही भाग याच मार्गाने आलेला असतो. आपल्या शेतात या पोत्याने पिढ्यान्‌पिढ्या ओळख कमावली आहे, पण तिच्यामागची ही जाळी फारशी कुणाला ठाऊक नाही. इतक्या उष्णतेत प्लॅटिनमचे ऑक्साइड थोडे थोडे वाफ होऊन निसटते, म्हणून जाळीच्या खाली पॅलेडियमची दुसरी जाळी लावून ते परत पकडले जाते.

एवढी काटकसर करावी लागते ती पुरवठ्यामुळे. जगातील प्लॅटिनमच्या खाणकामातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेचा आहे. तेथील बुशवेल्ड भागात सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या शिलारसाचे थर असून, त्यांतला मेरेन्स्की हा प्रसिद्ध थर १९२४ साली सापडला. तिथेही एक टन खडक फोडून हाती येतात ते प्लॅटिनम आणि त्याच्या गटातले पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे सगळे धातू मिळून जेमतेम तीन ते सहा ग्रॅम. आपल्याकडे ओडिशातील बौला-नुआसाही पट्ट्यात हे धातू आढळले आहेत आणि केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत त्यांचा समावेश आहे, तरी आपली गरज आयातीवरच भागते.

यातली खरी अडचण याच गटातल्या इरिडियम या धातूची आहे. जगभरातून ते वर्षाला सात-आठ टन मिळते, तेही प्लॅटिनमच्या सोबत. भाव कितीही चढला तरी केवळ इरिडियमसाठी कुणी खाण खोदत नाही. आणि नेमके हेच इरिडियम हरित हायड्रोजनला, म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून मिळवलेल्या हायड्रोजनला, हवे आहे. पाणी फोडणाऱ्या, प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पडद्याच्या विद्युत अपघटनी यंत्रात पाण्यातून ऑक्सिजन निघतो त्या धनाग्राजवळ आम्लता आणि विद्युतदाब दोन्ही इतके जास्त असतात की निकेल-कोबाल्टसारखे धातू विरघळून जातात, तर प्लॅटिनमच्याच गटातले रुथेनियम काम झपाट्याने करते पण फार काळ टिकत नाही. इरिडियमचे ऑक्साइड टिकते. सध्याच्या रचनेत एक गिगावॉट क्षमतेला काही शे किलो इरिडियम लागते. हा आकडा आणि वार्षिक उत्पादन शेजारी ठेवले की मर्यादा उघड दिसते. क्षारीय माध्यमातली यंत्रे निकेलवर चालतात, हा एक मार्ग आहेच, पण सूर्य आणि वाऱ्याच्या चढउतारांना पडद्याची यंत्रे अधिक चपळपणे साथ देतात. म्हणून टायटॅनियमच्या ऑक्साइडच्या कणांवर इरिडियमचा अतिशय पातळ थर चढवणे, किंवा रुथेनियममध्ये थोडे इरिडियम मिसळून ते टिकाऊ करणे, असे प्रयत्न अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत.

काटकसरीचे टोक म्हणजे सुटा अणू. चीनमधील दालियान येथील संशोधकांनी २०११ साली लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे एकेकटे अणू रोवून, तेही कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन घडवून आणतात, हे दाखवले. इथे वाया जाणारा आतला अणू उरतच नाही. पण उष्णता वाढली की हे अणू सरकून एकमेकांना भेटतात आणि त्यांचे पुन्हा कण होतात. धावत्या गाडीत, पाण्याच्या वाफेत, आठशे-नऊशे अंशांच्या धक्क्यांत त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवणे हे आजचे आव्हान आहे.

तोवर हाताशी असलेली समृद्ध खाण म्हणजे भंगारात निघालेल्या गाड्या. कन्व्हर्टरमधल्या विटेत टनामागे या धातूंचे प्रमाण किलोच्या घरात असते, म्हणजे बुशवेल्डच्या खडकाच्या शेकडो पट. वीट दळून, भट्टीत वितळवून, धातू गोळा करून आणि मग अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून ते वेगळे करता येतात. मात्र कन्व्हर्टर उघड्यावर छिन्नी-हातोड्याने फोडला तर त्या ठिसूळ लेपाची धूळ होते, ती कामगाराच्या छातीत आणि रस्त्यावर जाते आणि पुन्हा कधीच गोळा होत नाही. तो डबा न फोडता, आहे तसा बंद शुद्धीकरण कारखान्यापर्यंत पोहोचला पाहिजे.