मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग: ‘रिझोल्यूशन’ शब्दामागचा गुंता

मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग म्हणजे नमुन्याच्या ठिपक्याठिपक्यावर रेणूंचं वस्तुमान मोजून कोणता रेणू कुठे आहे याचा नकाशा काढणं. आयनांचा झोत मारून पृष्ठभागाचं रासायनिक चित्र काढणं 1962 पासून जमत होतं, पण त्यात मोठे रेणू फुटून जात. 1988 मध्ये मॅल्डीने (नमुन्यावर प्रकाश शोषणारं ‘मॅट्रिक्स’ हे रसायन लावून लेसर मारण्याची पद्धत) मोठी प्रथिनं अखंड उडवून दाखवली आणि 1997 मध्ये ऊतीच्या कापावर त्यांचे नकाशे निघाले. 2004 मध्ये आलेल्या डेझी या पद्धतीला (यात द्रावकाचे भारित थेंब मारून रेणू उडवतात) मॅट्रिक्सही लागत नाही आणि नमुना निर्वातात ठेवावाही लागत नाही.

तेव्हापासून सगळ्यात जास्त घोळ ‘रिझोल्यूशन’ या शब्दाने घातला आहे. वस्तुमानाचं रिझोल्यूशन (जवळजवळ सारखी वस्तुमानं वेगळी ओळखणं) वेगळं, जागेचं (चित्रात किती बारीक तपशील दिसतो) वेगळं. पीसी म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलिन; सोडियम चिकटलेलं पीसी 34:1 आणि प्रोटॉन चिकटलेलं पीसी 36:4 ही दोन्ही लिपिडं वस्तुमान-भार गुणोत्तराच्या (m/z) 782.57 च्या आसपास येतात. फरक फक्त 0.0024. ती वेगळी दिसायला 3 लाखांच्या वरचं रिझोल्यूशन (वस्तुमान भागिले फरक) लागतं. नाहीतर दोघांचा मिळून एकच पीक (आलेखातलं शिखर) येतो आणि सोडियम कुठे साचलंय याचा नकाशा आपण लिपिडाचा म्हणून वाचतो.

जागेच्या बाबतीत तर पिक्सेलचा आकार हेच रिझोल्यूशन म्हणून सर्रास छापलं जातं. हे मला चूक वाटतं. लेसरचा ठिपका 50 मायक्रोमीटरचा असताना नमुन्याचं टेबल 20 मायक्रोमीटरने सरकवता येतं. 2005 मध्ये यासाठी रीतसर पद्धत मांडली गेली: एका जागचं मॅट्रिक्स पूर्ण संपवायचं, मगच पुढे सरकायचं, म्हणजे सिग्नल फक्त नव्या पट्टीतून येतो. ती अट न पाळता नुसती पावलं लहान केली, तर चित्र दाट दिसतं, तपशील वाढत नाही. शिवाय मॅट्रिक्सचा फवारा ओला पडला की रेणू विरघळून जागा सोडतात. तिथे पिक्सेल कितीही लहान असला तरी उपयोग नाही. 2007 पासून संप्लवनाने (घन मॅट्रिक्सची थेट वाफ करून) कोरडा थर द्यायला सुरुवात झाली ती यामुळेच.

पेशी-कल्चरमध्ये हा हिशेब आणखी कडक होतो. पेशी साधारण 10 ते 20 मायक्रोमीटरची, त्यात माध्यमातले क्षार सिग्नल दाबतात, म्हणून अमोनियम फॉर्मेट किंवा अॅसिटेटने झटकन धुवावं लागतं. पिक्सेलची बाजू निम्मी केली की मिळणारा ऐवज चौथा हिस्साच उरतो. 2015 मध्ये दुसऱ्या लेसरने आयनीभवन (रेणूंना भार मिळणं) वाढवलं, त्यामुळे लहान पिक्सेल परवडणं सोपं झालं. आता लेसर फिरल्यावर काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि उमटलेल्या खुणा आधीच्या फोटोवर बसवतात. कोणता ठिपका कोणत्या पेशीवर पडला, किती भाग शेजारणीवर गेला, हे त्यातून मोजता येतं.