मुरुडच्या वाळूतून दिसतो तो जंजिरा नव्हे

दिवाळीची सुट्टी लागली की तेच फोटो फिरू लागतात. मुरुडची चौपाटी, मावळता सूर्य, समुद्रात तटबंदीची काळी रेघ आणि खाली 'अजिंक्य जंजिरा'. तो जंजिरा नसतो, पद्मदुर्ग असतो. फोटोखालचे नाव चुकले तर दुरुस्त करता येते. पण एकट्याने एसटीने निघालेल्या माणसाचा या घोळात अख्खा दिवस बुडतो, म्हणून हे लिहितो आहे.

जंजिरा तुम्हाला ठाऊकच आहे. सिद्द्यांचा किल्ला, 22 एकरांचा पसारा, कलाल बांगडी तोफ, आत गोड्या पाण्याचे तलाव, आणि 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत कुणाच्याच हाती न लागलेला. त्यावर भरपूर लिहिले गेले आहे, मी भर घालत नाही.

घोळाचे मूळ 'मुरुड-जंजिरा' या जोडनावात आहे आणि त्या नावावर माझा मनापासून राग आहे. ते ऐकून माणूस मुरुडच्या स्टँडवर उतरतो, समोरच समुद्र आहे म्हणून किनाऱ्यावर जातो, समुद्रात किल्ला दिसतो आणि त्याची खात्रीच पटते. गेल्या थंडीत पुण्याहून आलेला एक मुलगा असाच भेटला. सकाळपासून दुपारी एकपर्यंत तो वाळूत बसून होता, जंजिऱ्याची होडी इथूनच सुटणार म्हणून. परतीची गाडी साडेतीनची. त्याला दोन्ही किल्ले हुकले.

तर नीट लक्षात घ्या. मुरुडच्या चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात की समोर उघड्या समुद्रात जो कोट दिसतो तो पद्मदुर्ग. कोळी त्याला कासा म्हणतात. जंजिरा तुमच्या डावीकडे, दक्षिणेला, डोंगराच्या पलीकडे राजपुरी खाडीच्या तोंडाशी आहे. त्यासाठी मुरुडहून आणखी पाचेक किलोमीटर राजपुरीला जायचे, एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर रिक्षाने. वाटेत चढ संपून रस्ता वळतो आणि खाली पाण्यात अख्खा जंजिरा दिसतो. हे वळण आले नसेल तर तुम्ही अजून जंजिरा पाहिलेलाच नाही.

होडीचा हिशेबही वेगळा. राजपुरीच्या धक्क्यावर माणशी तिकीट काढायचे, होडी भरली की ती सुटते. एकट्याला काही अडचण नाही. पद्मदुर्गाला अशा ठरलेल्या फेऱ्या नाहीत. मुरुडच्या कोळीवाड्यात विचारून पूर्ण होडी ठरवावी लागते. पाच-सहा जण असले तर भाडे वाटून जाते, एकट्याला मात्र सगळे अंगावर पडते. म्हणून मी शनिवारी संध्याकाळीच मुरुडला मुक्कामाला जातो, नाखव्याला गाठतो आणि रविवारी एखादा गट निघणार असेल तर त्यात जागा मागतो. भरती-ओहोटीची वेळही त्यालाच विचारतो, कारण फोनवर पाण्याची वेळ कळते, खडकाला होडी लागेल की नाही ते कळत नाही. पावसाळ्यात दोन्हीकडचा नाद सोडा.

आकार, बुरूज, तोफा यांतले फरक प्रत्यक्ष गेल्यावर दिसतीलच. पण पद्मदुर्गाला 'छोटा जंजिरा' म्हटलेले मला अजिबात सहन होत नाही. हा किल्ला शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला वेसण घालायला, त्याच्या डोळ्यांसमोर भर समुद्रात बांधून घेतला. तिथे रसद पोहोचवायला टाळाटाळ करणाऱ्या जिवाजी विनायक या सुभेदाराला महाराजांनी खरमरीत पत्र लिहिले. पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या, म्हणजे सिद्दीच्या जंजिऱ्याच्या, उरावर दुसरी राजपुरी केली आहे, असे त्यात म्हटले आहे. ज्याच्या उरावर किल्ला बसवला त्याचेच नाव त्या किल्ल्याला द्यायचे, हे मला पटत नाही.

एकच दिवस हाताशी असेल तर जंजिरा करा. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग, पुढे रेवदंडा-काशीदमार्गे मुरुडची एसटी. हा रस्ता मला मुंबईहून थेट येणाऱ्या गाडीपेक्षा जास्त आवडतो. जंजिऱ्यावर वेळ मोजकाच मिळतो, तरी तटावर चढून वायव्येला नक्की बघा. तिथून पद्मदुर्ग दिसतो आणि सिद्दीला रोज सकाळी काय दिसत असेल ते कळते.

आणि दोन दिवस असतील तर पद्मदुर्ग चुकवू नका. तिथल्या तटाला हात लावून बघा. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, पण त्यांच्या मधला चुना तसाच पुढे आलेला आहे, मधाच्या पोळ्यासारखा.