स्लाइड करण्याआधी कल्चरचे वय पाहा

आम्ही जीवाणूंची कल्चर (माध्यमात वाढवलेले जिवंत जीवाणू) नळ्यांतून पुरवतो. आमच्याकडे वरचेवर येणारी एक तक्रार अशी: ‘बॅसिलस मागवला होता, स्लाइडवर गुलाबी दांडे दिसताहेत. नळी बदलली का?’ आम्ही आधी विचारतो, कल्चर किती तासांचे होते? बहुतेक वेळा उत्तर येते, ‘तीन दिवस झाले असतील.’

बॅसिलस हा दांड्याच्या आकाराचा जीवाणू ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रॅम स्टेन या रंगवण्याच्या पद्धतीत जांभळा दिसायला हवा. पण पेशी जुन्या झाल्या की त्यांची भित्तिका कमकुवत होते, जांभळा रंग अल्कोहोलबरोबर धुऊन जातो आणि नंतर दिलेल्या सॅफ्रॅनिन रंगाचा गुलाबी तेवढा उरतो. त्याच नळीतून ताजे सबकल्चर करून (थोडे जीवाणू नव्या माध्यमात वाढवून) 18 ते 24 तासांत स्टेन करा, दांडे जांभळे दिसतील. जुन्या स्लाइडवर दांड्याच्या पोटात रंग न घेतलेला लंबगोल ठिपका दिसतो, तो बीजाणू. अन्न संपत आल्यावर बॅसिलस तो तयार करतो. त्याला कचरा समजू नका.

नव्या ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) टाकलेले जीवाणू लगेच वाढत नाहीत, आधी जुळवून घेतात. मग वेग धरतात: ई. कोलाय पौष्टिक माध्यमात 37 अंश सेल्सिअसला साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. पुढे अन्न संपते, टाकाऊ द्रव्ये साचतात, वाढ थांबते, पेशी आकाराने लहान होतात. यानंतर अनेक पेशी मरतात, तरी ब्रॉथ गढूळच दिसतो, कारण मेलेली पेशीही प्रकाश अडवते. जिवंत संख्या हवी असेल तर प्लेट काउंटच करा, म्हणजे घट्ट माध्यमाच्या प्लेटवर वाढवून कॉलन्या (जीवाणूंचे दिसणारे ठिपके) मोजा.

पुन्हा पुन्हा सबकल्चर केल्याने होणारा बदल सहज लक्षात येत नाही, म्हणून आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटते. सेराशिया मार्सेसेन्स या जीवाणूच्या लाल कॉलन्यांमध्ये एखादी पांढरी निघते. नेमकी तीच लूपवर (जीवाणू उचलायच्या तारेवर) आली तर पुढची सगळी नळी पांढरी. (37 अंशाला सेराशिया मुळातच फिकी पडते, म्हणून आधी 25 ते 30 अंशांना वाढवून खात्री करा.) प्लाझ्मिड (पेशीतला वेगळा, छोटा डीएनए) असलेल्या कल्चरचे अँटिबायोटिक माध्यमातून कधीही वगळू नका, अँटिबायोटिकचा दाब नसला की प्लाझ्मिड टाकलेल्या पेशी पुढे जातात.

नळी हातात येताच ताज्या वाढीतून ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉल मिसळून गोठवायचा साठा) करून उणे 80 अंशांना ठेवा आणि कामासाठी दरवेळी त्यातूनच घ्या. मूळ नळीपासून पाच पॅसेजपलीकडे (एक पॅसेज म्हणजे एकदा केलेले सबकल्चर) जाऊ नका. प्रत्येक नळीवर तारीख, वेळ आणि पॅसेज क्रमांक लिहा. तक्रार कळवताना तेवढे सांगितलेत तर नळी बदलायची की नवे सबकल्चर पुरेल, हे आम्हाला लगेच सांगता येईल.